प्रयोगशाळेतली शिरगणती

गेल्या माघ पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मंडळी आपापल्या चपला शोधू लागली, तेव्हा मागच्या चाळीतली एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. बाई चार घरची धुणीभांडी करते. नवरा माथाडी कामगार. मुलगी यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात, आणि नेटची परीक्षा देऊन तिने ज्युनियर रिसर्च फेलोशिपही मिळवली. बाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही लॅबमध्ये होता. हिला तारापूरच्या औषध कंपनीत नोकरी मिळतेय. ही म्हणते, नको, पीएच.डी. करायची. अजून पाच वर्षं शिकायचं. तुम्हीच सांगा, काय करू?"

मुलगी काही बोलली नाही. आमच्याकडे बघत राहिली.

आम्ही म्हणालो, "विचार करून सांगतो, ताई." आणि घरी आलो. खरे म्हणजे आम्हाला उत्तर देता आले नाही. लॅबमध्ये आम्ही होतो हे खरे, पण कुठल्या जागेवर होतो हे आमचे आम्हाला माहीत. आणि दुसरे असे की, हाच प्रश्न पूर्वी एकदा आमच्याच घरात निघाला होता. तेव्हा आम्ही जे उत्तर दिले ते आजही आमच्या मनाला टोचते. म्हणून हा लेख. वाचकांनी तो विद्वानाचा लेख समजू नये. पिंजरे धुणाऱ्या माणसाने जे पाहिले ते लिहिले आहे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि आमच्या वडिलांची गिरणी जी बंद झाली ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. आम्ही तेव्हा मॅट्रिक होऊन मिळेल ते काम करीत होतो. १९८४ साली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून कॉल आला आणि केंद्र सरकारच्या एका जीवशास्त्र संशोधन संस्थेत आम्ही प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो. संस्थेचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तिथे ३३ वर्षे नोकरी करून २०१७ साली निवृत्त झालो.

पहिली सहा वर्षे ॲनिमल हाऊसमध्ये गेली. पांढरे उंदीर, ससे, गिनीपिग. पिंजऱ्यातले भाताचे तूस बदलायचे, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, कोणती मादी कधी व्याली ते पिंजऱ्याच्या पाटीवर लिहायचे. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणाऱ्या माणसाला हे काम सुरुवातीला जड गेले. पहिले शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे, आणि इथे रोज टोपलीभर उंदीर मरत. पण लस टोचलेले आमच्या वस्तीतले मूल गोवरातून, घटसर्पातून वाचते, ते कुठल्या वाटेने वाचते हेही तिथेच समजले. तेव्हापासून आम्ही एवढेच पाळले की, पिंजऱ्यातला जीव आहे तोवर त्याला तहान लागू द्यायची नाही.

पुढे काचसामानाच्या खोलीत बदली झाली. क्रोमिक ॲसिडात बुडवून ठेवलेल्या पिपेट काढताना बोटांची कातडी जाई. आधी नळाचे पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, मग ओव्हन. ऑटोक्लेव्ह लावायचा तर १५ पौंड दाब, १२१ अंश उष्णता, पंधरा-वीस मिनिटे. आत कोंडलेली हवा नीट बाहेर गेली नाही तर काटा १५ वर दिसतो, पण आत जंतू जिवंत राहतात. हे आम्हाला कोणी शिकवले नाही, हाताने शिकलो. नवीन आलेल्या विद्यार्थ्याचे कल्चर बिघडले की तो रडकुंडीला येई. आम्ही सांगायचो, "अरे, कापसाचा बोळा ओला राहिलाय, त्यातून बुरशी शिरली." सगळे आम्हाला मामा म्हणत. प्रबंध छापून आला की आभाराच्या पानावर शेवटच्या ओळीत आमचे नाव असे. नुसते पहिले नाव आणि पुढे मामा. आडनाव कोणी लिहिले नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते.

आता शिरगणतीचे सांगतो. आमच्या संस्थेत दरवर्षी १४ एप्रिलची जयंती होत असे आणि वर्गणीची वही आमच्याकडे असे. ही वही घेऊन आम्ही तळमजल्यापासून वरपर्यंत जायचो. तळमजल्यावर सफाई कामगार, ॲनिमल हाऊसवाले, माळी, चौकीदार. तिथे पानेच्या पाने भरत. आमची माणसे, कोकणातले कुणबी, मराठवाड्यातून आलेले मातंग बांधव. पहिल्या मजल्यावर कचेरी. तिथे कारकुनांची काही नावे मिळत. दुसऱ्या मजल्यावर तंत्रज्ञ. तिथे दोन-चार. तिसऱ्या मजल्यावर शास्त्रज्ञांच्या खोल्या आणि दारांवर पितळी पाट्या. तिथले काही साहेब चांगले होते, हसून वर्गणी देत. पण आपला म्हणावा असा माणूस त्या मजल्यावर आम्हाला कित्येक वर्षे सापडला नाही. जसजसे जिने चढावे तसतशी आमची नावे कमी होत. बायकांचेही तेच. आभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत मुली भरपूर, जीवशास्त्राकडे मुली येतातच. पण पितळी पाट्यांवर बाईचे नाव शोधावे लागे.

नव्वदीच्या दशकात एक तरुण शास्त्रज्ञ रुजू झाले. आडनावावरून काही कळत नव्हते. पहिल्याच एप्रिलमध्ये आम्ही वही घेऊन गेलो, तर त्यांनी उठून दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "जयभीम, मामा." शंभराची नोट काढली. म्हणाले, "नाव लिहू नका. एक हितचिंतक म्हणून लिहा." आम्ही तसेच लिहिले. पुढे वर्षानुवर्षे त्या वहीत तिसऱ्या मजल्यावर 'एक हितचिंतक' एवढीच नोंद होती. आम्हाला त्यांचा राग आला नाही. एकटा माणूस आहे, बढतीचा अहवाल दुसऱ्यांनी लिहायचा आहे, हे आम्ही समजून होतो. परंतु तळमजल्यावर आम्ही बाबासाहेबांचा फोटो उघड लावू शकत होतो आणि वर साहेब झालेल्या माणसाला तो ड्रॉवरमध्ये ठेवावा लागत होता, याचा विचार मात्र मनात घोळत राही.

तिसरा मजला इतकी वर्षे रिकामा का राहिला? आमच्या मुलांना बुद्धी नव्हती म्हणून? नाही. त्याची कारणे कागदावर आहेत.

पहिले कारण आपल्या धर्मांतराशी जोडलेले आहे. १९५६ साली आपण बौद्ध झालो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती त्या वेळी बौद्धांना नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत आणि केंद्राच्या प्रयोगशाळेत 'बौद्ध' लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. ती मिळाली १९९० साली, संसदेने कायदा दुरुस्त केल्यावर. म्हणजे ३४ वर्षे आपल्या पिढीने स्वाभिमानाची किंमत मोजली. ज्या काळात देशातल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि भरल्या गेल्या, नेमका तोच हा काळ. आमची स्वतःची नेमणूकही खुल्या यादीतून झाली होती. पिंजऱ्याच्या आणि झाडूच्या कामाला आमच्या माणसांना कधी राखीव जागा लागली नाही!

दुसरे कारण नियमांत आहे. केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि मंडल आयोगानंतर, १९९३ पासून, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत, हे आपल्याला पाठ असते. पण १९७५ चा एक आदेश फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याप्रमाणे, पहिल्या वर्गाच्या सर्वात खालच्या पायरीच्या वरची, संशोधन करण्याची किंवा संशोधनाला दिशा देण्याची शास्त्रीय पदे आरक्षणातून वगळता येतात. म्हणजे दारातल्या पहिल्या पायरीवर आरक्षण, पुढच्या जिन्यावर नाही. पुढे २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात आठ संस्थांना सूट देण्यात आली. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. २०१९ साली अध्यापकांच्या नेमणुकांचा कायदा झाला, त्यातही ही सूट कायम राहिली. कारण काय, तर या उत्कृष्ट संस्था आहेत. उत्कृष्टता आणि आपण एका खोलीत बसू शकत नाही, असे कायद्याच्या भाषेत लिहिलेले वाचले की वाचणाऱ्याला काय वाटत असेल?

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि जमाती ८.६ टक्के होत्या. केंद्र सरकारची 'इन्स्पायर' नावाची एक फेलोशिप आहे. पीएच.डी. झालेल्या तरुण शास्त्रज्ञाला ती पाच वर्षे स्वतःच्या पायावर उभे राहायला मदत करते. २०१६ ते २०२० या काळात ती कोणाला मिळाली, याचा हिशेब 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये छापला. ८० टक्के उच्चवर्णीय, अनुसूचित जातीचे ६ टक्के, जमातीचे एक टक्क्याहूनही कमी. बायकांचा आकडा सरकारच्याच पुस्तकात आहे. २०१८ साली देशात प्रत्यक्ष संशोधनकाम करणाऱ्यांत स्त्रिया १६.६ टक्के होत्या. निम्मे जग, आणि वाटा सहावा. आणि जी आपली मुलगी आहे, म्हणजे बाईही आहे आणि बौद्धही आहे, तिचा आकडा वेगळा काढून कोण छापतो?

आता आमच्या घरातले सांगतो. सांगायला जड जाते, पण सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

आमची धाकटी लहानपणापासून आमच्या गप्पा ऐकून वाढली. उंदराला किती पिल्ले होतात, अगरवर जंतूंची वसाहत कशी दिसते, हे तिला परीकथेसारखे वाटे. तिने बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केले आणि २०१० साली एका दुसऱ्या संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश घेतला. त्या दिवशी आमच्या सौ.ने चाळीत पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात तिला एका सहकाऱ्याने विचारले, "रँक किती होती तुझी?" तिने सांगितली. तो म्हणाला, "मग जनरलमध्येही झालं असतं की तुझं." ती घरी येऊन हसत सांगत होती, पण त्या हसण्यात काय होते ते आम्ही ओळखले.

दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी फेलोशिपचे पैसे थांबले. मंजुरीचे पत्र होते, सही-शिक्क्याचे कागद होते, पण पैसे नव्हते. ती कचेरीत जाई, तिथे सांगत की वरून आले नाहीत. वर विचारले तर सांगत की खालून कागद आले नाहीत. असे आठ महिने गेले. त्याच वर्षी मुलाची डिप्लोमाची फी भरायची होती, सौ.चे गर्भाशयाचे ऑपरेशन झाले होते आणि पतपेढीचा हप्ता चालू होता. तिच्याबरोबरच्या इतर मुलामुलींचेही पैसे अडकले होते, पण त्यांचे वडील डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत अधिकारी. त्यांना घरून पैसे येत. आमची मुलगी लॅबमधून रात्री दहाला येई आणि सकाळी दोन शिकवण्या घेऊन पुन्हा जाई.

एका रात्री आम्ही दोघे नवराबायको तिच्याशी बोलायला बसलो. आम्ही म्हणालो, "बाळ, पुरे कर आता. पॅथॉलॉजीत नोकरी मिळतेय ती घे. आपल्यासारख्यांचं हे काम नाही." ती एवढेच म्हणाली, "बाबा, अजून दीड वर्षच राहिलंय." आम्ही गप्प राहिलो. आमच्या गप्प राहण्याचा अर्थ तिला कळला. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला. त्यानंतर अकराव्या दिवशी अडकलेले सगळे पैसे खात्यात जमा झाले.

आज ती एका रक्तपेढीत नोकरी करते. संसार चांगला आहे, दोन लेकरे आहेत. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण 'आपल्यासारख्यांचं हे काम नाही' हे वाक्य आमच्या तोंडून गेले. हजारो वर्षे दुसऱ्यांनी आम्हाला जे ऐकवले तेच आम्ही आपल्या लेकीला ऐकवले. याची खंत आहे.

वाचकहो, प्रयोगशाळेचा जिना समजून घेतला पाहिजे. तिथे काम करणारे बहुसंख्य लोक कायम नोकरीत नसतातच. ते विद्यार्थी असतात, प्रकल्पावरचे साहाय्यक असतात, वर्ष-दोन वर्षांच्या कराराचे असतात. एम.एस्सी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, पीएच.डी. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी, त्यानंतर बहुतेकांना दोन-चार वर्षे परदेशात किंवा दुसऱ्या संस्थेत तात्पुरते काम, आणि मग कुठे पस्तिशीच्या आसपास कायम जागा, तीही थोड्यांनाच. म्हणजे इथे हुशारीइतकीच थांबण्याची ऐपत लागते. ज्याच्या घरात भाडे, औषध आणि भावंडाची फी मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते, तो थांबू शकत नाही. मुलीच्या बाबतीत तर याच वयात लग्न आणि बाळंतपण. सासर म्हणते, अजून किती शिकणार? पेशींचे कल्चर रविवारीही बघावे लागते, आणि मग घरचे कोण बघणार? म्हणून जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थोड्या मुली, थोडी आपली मुले उतरून जातात. कोणी ढकलले असे दिसत नाही. सगळे म्हणतात, त्यांनी स्वतःहून सोडले.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत असताना, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की, केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही. विज्ञानाचे आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. ते खर्चाचे आहे आणि आपल्या समाजाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून सरकारने त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने हे सांगितले, हे लक्षात घ्यावे. आपण वकील पुष्कळ केले, शिक्षक केले, बँकेत आणि रेल्वेत माणसे लावली. विज्ञानाचे ते पान मात्र आपण मागे ठेवले.

परळला राहणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस केली वाल्डेमार हाफकिन यांनी, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे हाफकिन ओडेसाचे ज्यू. ख्रिस्ती व्हायला नकार दिला म्हणून त्यांच्या देशात त्यांना प्राध्यापकी मिळाली नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते शिरले तेही साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा दोष त्यांच्यावर आला. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. तरी परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आणि ज्या १८९७ साली त्यांनी लस टोचून घेतली, त्याच वर्षी, बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीमाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात धावल्या होत्या. याच प्लेगमुळे १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने पुढे बी.आय.टी. चाळी बांधल्या आणि त्यांतल्या परळच्या चाळीत बाबासाहेब राहिले, शिकले. जंतूंचे शास्त्र हे आपल्या इतिहासाच्या बाहेरचे नाही. आपण त्याच्या उंबरठ्यावरच राहत आलो आहोत.

आणि कमला सोहोनी? मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मराठी मुलीला १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा अटी घालून घेतले. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तिचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, तरी तिला दार उघडायला हट्ट करावा लागला. मग ज्याच्या सात पिढ्यांत कोणी त्या फाटकाच्या आत गेलेले नाही, त्याला किती बळ लागत असेल!

जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, म्हणून तिकडचे एक उदाहरण देतो. व्हिव्हियन थॉमस हा काळा तरुण सुतारकाम शिकलेला. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण मंदीमुळे शिक्षणाचा बेत मागे पडला आणि १९३० साली तो डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. काम शास्त्रज्ञाचे, हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा. जन्मतः निळी पडणारी बाळे वाचवण्याची शस्त्रक्रिया त्याने आधी कुत्र्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती पहिल्यांदा एका बाळावर झाली, तेव्हा डॉक्टरांच्या मागे स्टुलावर उभा राहून तोच टाके कसे घ्यायचे ते सांगत होता. त्याला मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ साली. त्या देशातही सगळे सुरळीत झालेले नाही. संशोधनासाठी सरकारी पैसा मागणाऱ्या काळ्या शास्त्रज्ञांना तो मिळण्याची शक्यता, बाकी सर्व बाबी सारख्या धरल्या तरी, गोऱ्यांपेक्षा दहा टक्क्यांनी कमी होती, असे २०११ साली दिसून आले. पण त्यांनी मोजले म्हणून दिसले. जिथे मोजतच नाहीत तिथे सगळे ठीक आहे असे म्हणणे सोपे असते. आमची वर्गणीची वही हे आमचे साधे मोजमाप होते.

त्या 'एक हितचिंतक' साहेबांचे राहिले. आम्ही निवृत्त झालो त्या वर्षीच्या जयंतीला त्यांनी आमच्या हातातून वही घेतली, खिशातले पेन काढले आणि स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. म्हणाले, "मामा, वीस वर्षांची बाकी आहे." त्यांच्या हाताखाली तेव्हा आपल्या समाजाची दोन मुले पीएच.डी. करीत होती.

चैत्र पौर्णिमेला आम्ही त्या मुलीच्या आईला उत्तर दिले. म्हणालो, "ताई, पोरीला जाऊ द्या. पण डोळे उघडे ठेवून." आणि मुलीला चार गोष्टी सांगितल्या. एक, मार्गदर्शक निवडताना नुसते नाव बघू नकोस. त्यांच्या हाताखालची किती मुले पूर्ण करून बाहेर पडली ते त्या मुलांनाच विचार. दोन, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला, जात पडताळणी, जोडपत्रे यांच्या चार-चार प्रती आजच कर. फेलोशिपचा प्रत्येक कागद दिल्याची पोच घे. तीन, कोणी रँक विचारली तर सांग आणि कामाला लाग, पण कोणी अपमान केला तर तारीख घालून लिहून ठेव आणि संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे जा. चार, एकटी राहू नकोस.

आणि आईला सांगितले की, कागदावर फेलोशिप महिना ३७ हजार रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२ हजार, २०२३ च्या जानेवारीपासून हा दर आहे. पण ती दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असे धरू नका. त्या मधल्या महिन्यांसाठी घराने आणि समाजाने तयारी ठेवायची.

ही तयारी आम्ही विहारात सुरू केली आहे. घरटी दर पौर्णिमेला वीस रुपये. महिला मंडळाने वही सांभाळायला घेतली आहे. हा दानधर्म नाही. फेलोशिप अडकली की त्या मुलाला किंवा मुलीला यातून उसने द्यायचे, आणि थकलेली रक्कम आली की तिने परत करायची. हिशेब फळ्यावर लागतो. पहिल्या महिन्यात चौसष्ट घरांनी पैसे दिले. आमच्या धाकटीने पाच हजार आणून दिले. काही बोलली नाही, फक्त महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंना म्हणाली, "मावशी, पावती माझ्या नावाने फाडा." आमच्या सौ.ने पदराने डोळे पुसले. आम्ही खाली बघत राहिलो.

ती मुलगी जुलैमध्ये गेली. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "काका, पहिला महिना झाला, अजून नुसतं काचसामान धुतेय."

आम्ही विचारले, "शेवटचं पाणी कुठलं घेतेस?"

"डिस्टिल्ड. तीनदा."

"आणि पिपेट सुकवताना तोंड कुठल्या बाजूला?"

ती हसली. म्हणाली, "तेच विचारायला फोन केला, काका."

मग आम्ही तिला अर्धा तास ते समजावून सांगितले. ३३ वर्षांत जे हाताने शिकलो ते विचारणारे कोणी आपल्या घरचे निघाले, याचा आनंद झाला. तुमच्या विहारात, तुमच्या वस्तीत विज्ञान शिकणारी अशी एखादी मुलगी असेल तर तिला विचारा, बाळ, काय अडते? आणि 'आपल्यासारख्यांचं हे काम नाही' हे वाक्य मात्र कोणत्याही आईबापाने तोंडून काढू नये. आम्ही काढले होते, म्हणून सांगतो.

जयभीम!